दोन्ही ध्रुवांचा साक्षीदार : जेम्स क्लार्क रॉस

उत्तर ध्रुवाकडे पेंग्विन नाहीत आणि दक्षिण ध्रुवाकडे पांढरी अस्वले नाहीत, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. व्यंगचित्रकार या दोघांना खुशाल एकाच हिमखंडावर बसवतात आणि आपण ती चूक हसून सोडून देतो. पण याच गोष्टीची दुसरी बाजू फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पृथ्वीच्या दोन टोकांच्या थंडगार समुद्रांत काही जीव अगदी सारखे दिसतात, इतके सारखे की, कित्येकांना शास्त्रज्ञांनी एकच नाव दिले. या दोन समुद्रांमध्ये सुमारे बारा हजार किलोमीटरचे अंतर आहे. शिवाय मधे विषुववृत्तावरचे कोमट पाणी आहे. शून्य अंशाच्या आसपास जगणाऱ्या जिवाला ते पाणी पोहून ओलांडणे म्हणजे आपण चुलीतून चालत जाण्यासारखे. मग हे जीव दोन्हीकडे पोचले तरी कसे?

हा प्रश्न पुस्तकात वाचून नव्हे, तर स्वतःच्या हातांनी समुद्रतळाचा चिखल उपसून ज्याच्यासमोर उभा राहिला, असा माणूस म्हणजे ब्रिटिश आरमारातील अधिकारी सर जेम्स क्लार्क रॉस. त्याचे नाव दोन्ही ध्रुवांकडच्या प्राण्यांना मिळालेले आहे. उत्तरेकडे गुलाबी छातीचा एक देखणा कुरव पक्षी रॉसच्या नावाने ओळखला जातो, तर दक्षिणेकडे मोठ्या डोळ्यांचा, क्वचितच दृष्टीस पडणारा एक सील. असे भाग्य लाभलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील.

रॉसचा जन्म १५ एप्रिल १८०० रोजी लंडनमध्ये झाला. वडील व्यापारी होते. पण मुलाच्या आयुष्याला वळण लावले ते काकाने. काका जॉन रॉस आरमारात कप्तान होता आणि त्याच्याच जहाजावर १८१२ मध्ये, बाराव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, जेम्स दाखल झाला. त्या काळी अधिकारी होऊ घातलेली मुले अशीच कोवळ्या वयात समुद्रावर जात. गणित, नौकानयन, ग्रहताऱ्यांचे वेध आणि जहाजावरची शिस्त हे सारे शिक्षण डेकवरच होई.

नेपोलियनबरोबरचे युद्ध संपल्यावर ब्रिटिश आरमारापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. जहाजे भरपूर, अधिकारी भरपूर आणि लढायला शत्रू नाही. तेव्हा नौदल खात्याने आपला मोर्चा उत्तरेकडच्या बर्फाकडे वळवला. अटलांटिकमधून अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिकमध्ये उतरणारा सागरी मार्ग शोधायचा, हे त्यामागचे ध्येय. १८१८ मध्ये जॉन रॉस या कामगिरीवर निघाला, तेव्हा अठरा वर्षांचा पुतण्याही बरोबर होता. ती मोहीम पुढे चेष्टेचा विषय झाली. लँकेस्टर सामुद्रधुनीच्या तोंडाशी काकाला समोर डोंगराची रांग दिसली, वाट बंद आहे असे समजून तो माघारी फिरला आणि डोंगर म्हणजे केवळ दृष्टिभ्रम होता हे दुसऱ्याच वर्षी सिद्ध झाले.

या फजितीच्या गदारोळात त्याच मोहिमेतील एक लहानशी घटना झाकोळून गेली. बाफिन उपसागरात खोली मोजण्यासाठी सोडलेल्या दोरीबरोबर, एक किलोमीटरहूनही अधिक खोलीवरून, तळाच्या चिखलातले जिवंत किडे वर आले. दोरीला गुंतून फांद्याफांद्यांचे हात असलेला एक मोठा तारामासाही आला. सूर्यप्रकाशाचा किरणही पोचत नाही अशा ठिकाणी जीव आहेत, हे तरुण जेम्सने पाहिले होते. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या कथेत ती परत येणार आहे.

त्यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे बर्फाशी अखंड सहवास. विल्यम एडवर्ड पॅरी या कप्तानाच्या हाताखाली १८१९ ते १८२५ या काळात तीन मोहिमा झाल्या. जहाज गोठलेल्या समुद्रात अडकवून ठेवायचे, तीन महिन्यांची रात्र काढायची, उन्हाळ्यात बर्फ फुटले की पुन्हा वाट शोधायची, असा हा क्रम. रॉस या मोहिमांत पक्षी मारून त्यांची कातडी भरून ठेवण्यात, वनस्पती आणि समुद्री प्राणी गोळा करण्यात तरबेज झाला. तो गुलाबी कुरव त्याला १८२३ मध्ये मेलव्हिल द्वीपकल्पावर मिळाला. त्याच वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. १८२७ मध्ये पॅरीबरोबर तो स्पिट्सबर्गेनहून बर्फावरून चालत थेट उत्तर ध्रुवाकडे निघाला. घसरपट्ट्या लावलेल्या होड्या ओढत ही मंडळी उत्तरेकडे चालत होती आणि पायाखालचे बर्फ दक्षिणेकडे वाहत होते. तरीही ८२ अंश ४५ कलांपर्यंत ते पोचले. हा उच्चांक पुढे जवळजवळ पन्नास वर्षे कोणी मोडला नाही.

सगळ्यांत खडतर मोहीम मात्र पुन्हा काकाबरोबरचीच. डोंगरांच्या प्रकरणाने डागाळलेले नाव धुऊन काढण्यासाठी जॉन रॉसने जिन या मद्याचा धनाढ्य उत्पादक फेलिक्स बूथ याच्याकडून पैसा मिळवला आणि १८२९ मध्ये 'व्हिक्टरी' हे जहाज घेऊन तो निघाला. ते जहाज बर्फाने जे धरले ते कधीच सोडले नाही. एकामागून एक चार हिवाळे या लोकांनी तिथे काढले. अखेर जहाज टाकून, पायी आणि होड्यांनी, ते जिथे पूर्वीच्या एका मोहिमेचे फुटलेल्या जहाजावरचे अन्नधान्य किनाऱ्यावर ठेवले होते त्या जागी पोचले आणि त्या शिदोरीवर तगले. १८३३ च्या ऑगस्टमध्ये एका देवमासे मारणाऱ्या जहाजाने त्यांना उचलले. योगायोग असा की, ते जहाज म्हणजे १८१८ मध्ये याच काका-पुतण्यांनी वापरलेले 'इसाबेला' होते. इंग्लंडने या सगळ्यांना केव्हाच मृत समजून सोडून दिले होते.

ही मोहीम फुकट गेली नाही, ती पुतण्यामुळे. स्थानिक इनुइट लोकांकडून रॉस त्यांची भाषा आणि कुत्र्यांच्या गाड्या चालवणे शिकला होता. अशाच एका पायी मोहिमेत १ जून १८३१ रोजी तो बूथिया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका सपाट जागी पोचला. उभ्या पातळीत फिरणारी त्याची चुंबकसूची तिथे जमिनीकडे जवळजवळ काटकोनात रोखली गेली. फरक होता तो केवळ एका कलेचा. हाच पृथ्वीचा उत्तर चुंबकीय ध्रुव. खुणेसाठी आसपास टेकाडही नव्हते, म्हणून त्याने दगडांचा ढीग रचला आणि निशाण लावले. चुंबकीय ध्रुव एका जागी स्थिर राहत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. तो आता तिथून फार दूर गेला आहे. पण तो दिवस रॉसचा होता. १८३४ मध्ये काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध तैलचित्रात अंगावर अस्वलाचे कातडे आणि बाजूला चुंबकसूचीचे यंत्र आहे. आरमारातला सर्वांत देखणा अधिकारी अशी त्याची ख्याती होती, आणि ते चित्र पाहिल्यावर ती खोटी वाटत नाही.

आता उरला होता दक्षिण चुंबकीय ध्रुव. लोखंडी नाविक यंत्रांच्या त्या युगात पृथ्वीचे चुंबकत्व हा निव्वळ अभ्यासाचा विषय नव्हता. होकायंत्राची सुई कुठे किती चुकते, यावर जहाजांचे आणि माणसांचे प्राण अवलंबून होते. म्हणून एडवर्ड सबाइन, जॉन हर्शेल आदी शास्त्रज्ञांनी सरकारच्या मागे लागून जगभर वेधशाळांचे जाळे उभे करण्याची योजना मंजूर करवून घेतली. आपल्या मुंबईचाही त्यात वाटा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी १८४१ मध्ये सुरू झाल्या त्या याच काळात. पुढे विजेच्या ट्रामचा उपद्रव नको म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले गेले. या जागतिक योजनेतील दक्षिणेकडची मोठी कामगिरी रॉसवर सोपवण्यात आली. आठ हिवाळे आर्क्टिकमध्ये काढलेला दुसरा तितका योग्य माणूस आरमारात शोधूनही सापडला नसता.

सप्टेंबर १८३९ मध्ये 'इरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे निघाली. मुळात ती तोफगोळे फेकण्यासाठी बांधलेली बसकी, जाडजूड जहाजे, त्यामुळे बर्फाचा मार सोसण्याची ताकद त्यांच्यात होती. वाफेचे इंजिन नव्हते. सारा भरवसा शिडांवर. 'टेरर'चा कप्तान होता रॉसचा जुना मित्र फ्रान्सिस क्रोझियर. 'इरेबस'वर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून बावीस वर्षांचा एक तरुण होता, जोसेफ डाल्टन हूकर. हाच हूकर पुढे जगातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञांत गणला गेला आणि भारतीय वनस्पतींची सात खंडांची सूची त्याच्याच देखरेखीखाली तयार झाली.

रॉस आणि हूकर यांचे नाते मोठे वेधक आहे. कप्तानाने आपल्या खोलीतल्या टेबलाची एक बाजू या कनिष्ठ अधिकाऱ्याला देऊन टाकली होती. जहाजामागे बारीक जाळे सोडून पकडलेले समुद्री जीव रॉस स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे आणि हूकर समोर बसून त्यांची चित्रे काढीत असे. वनस्पती हूकरच्या, पण समुद्री प्राणी रॉसचे, अशी जणू अलिखित वाटणी होती. या वाटणीची पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली.

वाटेतच, ३ जानेवारी १८४० रोजी, दक्षिण अटलांटिकमध्ये रॉसने जहाजावरच वळलेली प्रचंड लांबीची दोरी सोडून समुद्राची खोली मोजली. २४२५ फॅदम भरली. फॅदम म्हणजे आपल्याकडचे कोळी ज्याला वाव म्हणतात तेच माप, दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी. म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर! खोल महासागराचे हे पहिले विश्वासार्ह मोजमाप मानले जाते. त्याआधी भर समुद्राला तळ आहे की नाही, याविषयीही लोकांच्या मनात संभ्रम होता.

टास्मानियातील होबार्ट बंदरात पोचल्यावर रॉसला समजले की, फ्रान्सचा द्युमाँ द्युरव्हिल आणि अमेरिकेचा चार्ल्स विल्क्स हे दोघे चुंबकीय ध्रुवाच्या दिशेने आधीच जाऊन आले आहेत. दुसऱ्याच्या पावलांवर पाऊल टाकण्याची कल्पना त्याला मानवली नाही. त्याने मार्ग बदलला आणि बराच पूर्वेकडून, १७० रेखांशाच्या सुमारास, दक्षिणेकडे शिरायचे ठरवले. या मानीपणाने इतिहास घडवला. ५ जानेवारी १८४१ रोजी जहाजे तुकड्यातुकड्यांच्या बर्फपट्ट्यात घुसली. याआधीचे दर्यावर्दी अशा ठिकाणी माघारी फिरत. रॉसने जहाजांचे भक्कम नाक पुढे करून बर्फ फोडत वाट काढली आणि चार-पाच दिवसांत समोर मोकळे पाणी आले. दोन दिवसांनी क्षितिजावर हिमाच्छादित पर्वत दिसले. पुढे महिनाअखेरीस धूर आणि ज्वाला ओकणारा एक ज्वालामुखी बर्फाच्या राज्यात उभा असलेला दिसला. त्याला 'इरेबस' हे नाव मिळाले आणि शेजारच्या थंड शिखराला 'टेरर'. त्याच्यापुढे पन्नास-साठ मीटर उंचीची बर्फाची सरळसोट भिंत शेकडो किलोमीटर पसरली होती. आज तिला रॉस हिमपट्ट म्हणतात आणि त्या समुद्राला रॉस समुद्र. दक्षिण चुंबकीय ध्रुव मात्र त्या पर्वतांच्या पलीकडे, जमिनीवर होता. उत्तरेकडे फडकावलेले निशाण तिकडेही फडकवण्याची रॉसची मनीषा अपुरीच राहिली. तिथे माणूस पोचायला १९०९ साल उजाडले.

याच जानेवारीत, या अनामिक समुद्रात, रॉसने तळ खरवडणारे जाळे सोडले. खोली होती सुमारे पाचशे मीटर. जाळे वर आले तेव्हा त्यात चिखल, दगड आणि त्यांना चिकटलेले असंख्य जीव होते. पोवळ्यांच्या जातीचे प्राणी, दगडावर जाळीसारखे पसरणारे शेवाळप्राणी, किडे, कवचधारी. हूकरसाठी किंवा जहाजावरच्या कोणाहीसाठी हे सारे नवे होते. रॉससाठी नव्हते. पंधरा उन्हाळे ज्याने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असाच चिखल चाळला होता, त्याला त्यात ओळखीचे चेहरे दिसले. बाफिन उपसागराकडचे, मेलव्हिलकडचे, तितक्याच उत्तरेच्या अक्षांशावरचे.

रॉसच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे, समुद्र कितीही खोल असला तरी त्याच्या तळाशी जीव असणारच. दुसरी अधिक धाडसी. पृष्ठभागावरचे पाणी विषुववृत्तापाशी कोमट असले, तरी खोल तळाशी ते सर्वत्र सारखेच थंड असले पाहिजे. तसे असेल तर थंडीला सरावलेल्या प्राण्याला ध्रुवावरून ध्रुवावर जायला काहीच अडसर नाही; त्याने फक्त खोल खाली उतरायचे आणि तळातळाने चालत राहायचे. उथळ ध्रुवीय पाण्यात राहणारे प्राणी उष्ण कटिबंधात खोल पाण्यात सापडतात, या गोष्टीला शास्त्रज्ञांनी पुढे स्वतंत्र नाव दिले. तिचा गाभा रॉसच्या या तर्कात आहे.

यात एक गंमत आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. तर्क बरोबर दिशेने होता, पण त्यामागची मोजमापे चुकीची होती. रॉसच्या तापमापकांवर खोल पाण्याचा प्रचंड दाब पडे, काचेचा फुगा दाबला जाई आणि पारा खऱ्यापेक्षा वर चढलेला दिसे. त्यामुळे खोल समुद्राचे तापमान सगळीकडे चार अंश सेल्सियसच्या आसपास असते, असा त्याचा पक्का समज झाला. गोडे पाणी चार अंशांना सर्वांत जड होते, म्हणून खारेही होत असणार, असा त्याचा हिशेब. समुद्राचे पाणी मात्र तसे वागत नाही. ते गोठेपर्यंत जडच होत जाते. प्रत्यक्षात तळाचे पाणी रॉसला वाटले त्याहूनही थंड आहे. म्हणजे त्याची चूक दुरुस्त केल्यावर त्याचा तर्क कमजोर होण्याऐवजी बळकटच होतो! विज्ञानाच्या इतिहासात असे योग फार येत नाहीत.

पुढची दोन वर्षे मी थोडक्यात उरकतो. १८४२ च्या फेब्रुवारीत रॉस ७८ अंश १० कलांच्या जवळ पोचला. १९०० पर्यंत कोणी त्याच्या पुढे गेले नाही. त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री वादळात एका हिमनगाला चुकवताना 'इरेबस' आणि 'टेरर' एकमेकांवर आदळली, डोलकाठ्या आणि दोरखंड एकमेकांत अडकले, आणि दोन हिमनगांमधल्या चिंचोळ्या फटीतून रॉसने आपले जहाज मागच्या मागे बाहेर काढले. दर्यावर्दींच्या तोंडी ही कथा अनेक पिढ्या राहिली. फॉकलंड बेटे आणि केप हॉर्नजवळच्या बेटांवर हूकरने वनस्पती गोळा केल्या, आणि त्याला तिथेही तोच अनुभव आला. क्रोबेरी नावाचे रानबोरांचे झुडूप उत्तरेकडे काळी फळे देते, इथे लाल. बाकी रूप तेच. सप्टेंबर १८४३ मध्ये जहाजे मायदेशी परतली. चार वर्षांत स्कर्व्हीने कोणालाही आडवे पाडले नाही, हे त्या काळी शोधांइतकेच कौतुकाचे होते.

परतल्यावर लवकरच रॉसने अ‍ॅन कूलमनशी लग्न केले. मुलीच्या वडिलांचा या लग्नाला विरोध होता आणि तो मावळला तो एका अटीवर : पुन्हा दीर्घ ध्रुवीय मोहिमेवर जायचे नाही. १८४४ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. १८४५ मध्ये नौदल खात्याने उत्तरेकडच्या मार्गासाठी नवी मोहीम आखली, तीच दोन जहाजे सज्ज केली आणि नेतृत्व रॉसला देऊ केले. वय आणि दिलेला शब्द पुढे करून त्याने नकार दिला. ते पद एकोणसाठ वर्षांच्या सर जॉन फ्रँकलिनकडे गेले आणि 'टेरर'वर पुन्हा क्रोझियर. १२९ माणसांपैकी एकही परतला नाही.

यावर रॉसने आपली अट एकदा मोडली. १८४८ मध्ये तो मित्रांच्या शोधात निघाला, एक हिवाळा बर्फात काढला आणि गाड्या ओढत पील सामुद्रधुनीच्या किनाऱ्यापर्यंत गेला. समोर अखंड बर्फ होते, तेव्हा इकडून जहाजे जाणे शक्यच नाही असे वाटून तो वळला. फ्रँकलिन त्याच वाटेने गेला होता. ('इरेबस'चा सांगाडा २०१४ मध्ये आणि 'टेरर'चा २०१६ मध्ये समुद्रतळाशी सापडला.) अंटार्क्टिकच्या बर्फातून आपली जहाजे सुखरूप आणणाऱ्या रॉसला आपला जिवलग मित्र मात्र सापडला नाही. तो या मोहिमेतून तब्येत खालावूनच परतला.

उरलेले आयुष्य त्याने बकिंगहॅमशायरमधल्या अ‍ॅस्टन अ‍ॅबट्स या गावी काढले. घराच्या बागेत तळे आहे आणि तळ्यातल्या दोन बेटांची नावे 'इरेबस' आणि 'टेरर' आहेत. १८५७ मध्ये पत्नी गेली. ३ एप्रिल १८६२ रोजी, बासष्टावा वाढदिवस बारा दिवसांवर आला असताना, रॉसही गेला. दोघांना गावच्या चर्चमध्ये शेजारी पुरले आहे.

आता त्या वाटणीकडे वळू. मोहिमेतील सस्तन प्राणी, पक्षी आणि मासे ब्रिटिश संग्रहालयातील तज्ज्ञांनी अभ्यासून प्रसिद्ध केले. हूकरने वनस्पतींचे सहा मोठे भाग छापले. पण तळातून उपसलेले ते बिनकण्याचे समुद्री प्राणी रॉसने कोणाच्या हाती दिले नाहीत. ते आपणच अभ्यासायचे, असे त्याने ठरवले होते. १८४७ मध्ये दोन खंडांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले, त्यात या प्राण्यांचा आणि त्याच्या तर्काचा उल्लेख आहे. पण सविस्तर वर्णने आणि चित्रे आलीच नाहीत. आधी पुस्तक, मग फ्रँकलिनचा शोध, मग पत्नीवियोग. बरण्या तशाच पडून राहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर पाहिले तेव्हा नमुने नासून गेले होते. हूकरला या गोष्टीची खंत आयुष्यभर राहिली.

यात रॉसचा दोष नाही, असे म्हणता येणार नाही. सरकारी खर्चाने गोळा केलेला ठेवा त्याने वीस वर्षे स्वतःजवळ ठेवला. त्याचा परिणाम केवळ काही बरण्यांपुरता राहिला नाही. रॉस इंग्लंडला परतला त्याच वर्षी, १८४३ मध्ये, एडवर्ड फोर्ब्ज या तरुण आणि लोकप्रिय निसर्गवेत्त्याने एजियन समुद्रातील आपल्या अभ्यासावरून असे मत मांडले की, तीनशे फॅदमांच्या खाली समुद्र निर्जीव असावा. फोर्ब्जच्या समुद्राचा तळ मुळातच जीवनाला पारखा होता, पण त्यावरून त्याने सगळ्या महासागरांना नियम लावला. आणि जग ते मानू लागले. खोल पाण्यात जीवच नाहीत म्हटल्यावर तळातळाने ध्रुवावरून ध्रुवावर जाणार तरी कोण? रॉसकडे उत्तर होते, पुरावाही होता. तो त्याच्या घरात बरण्यांमध्ये होता. फोर्ब्जचे मत खऱ्या अर्थाने कोसळले ते १८६० मध्ये, भूमध्य समुद्रात दोन हजार मीटरहून अधिक खोलीवरून दुरुस्तीसाठी वर काढलेल्या तारायंत्राच्या केबलला प्राणी चिकटलेले आढळले तेव्हा. पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरचे समुद्रतळ पालथे घातले आणि शंकेला जागा उरली नाही. 'चॅलेंजर'वरच्या जॉन मरीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही ध्रुवांना सारख्या असलेल्या प्राण्यांचा विषय पुन्हा उचलून धरला, तर इतर तज्ज्ञांनी त्याच्या याद्या तपासून त्यातली बरीच नावे खोडून काढली. वाद तसाच लोंबकळत राहिला. दोन प्राणी सारखे दिसतात की एकच आहेत, हे केवळ डोळ्यांनी ठरवता येत नव्हते.

हा निवाडा करण्याचे साधन मिळाले ते जनुकांच्या तपासणीतून. २००९ मध्ये सागरी जीवांच्या जागतिक गणनेत सहभागी झालेल्या शास्त्रज्ञांनी दोन्ही ध्रुवीय समुद्रांत आढळणाऱ्या किमान २३५ जातींची नोंद जाहीर केली. त्यात देवमासे आणि पक्षी होते, तसेच किडे आणि कवचधारीही. पण लगेच दुसऱ्या वर्षी एक धक्का बसला. समुद्री फुलपाखरू या लाडक्या नावाने ओळखली जाणारी पोहणारी गोगलगाय दोन्हीकडे एकच जात मानली जात होती. जनुके तपासल्यावर उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची यांच्यात तब्बल तेहतीस टक्क्यांचा फरक निघाला. रूप सारखे, पण नाते लाखो वर्षांपूर्वीच तुटलेले.

मग रॉस चुकला होता का? पूर्णपणे नाही. २००७ मध्ये समुद्रतळाच्या चिखलात राहणाऱ्या, वाळूच्या कणाएवढ्या कवचधारी एकपेशीय जिवांची, फोरॅमिनिफेरांची, तपासणी प्रसिद्ध झाली. आर्क्टिक आणि अंटार्क्टिकच्या तळातून आणलेल्या, सतरा हजार किलोमीटरपर्यंत अंतर असलेल्या तीन जातींच्या नमुन्यांत जनुकांचा फरक जवळजवळ नव्हताच. अंटार्क्टिकाभोवतीचे अतिथंड जड पाणी तळाशी बसते आणि विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे सरकते. उत्तर अटलांटिकमधले थंड पाणी खोलातून दक्षिणेकडे येते. या संथ प्रवाहांत हे जीव पिढ्यान् पिढ्या प्रवास करत असावेत. रॉसने सांगितलेली वाट हीच. पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या काही जातींबाबतही २००० मध्ये तसाच निष्कर्ष निघाला होता. त्यांनी बहुधा हिमयुगात उष्ण कटिबंधाचे पाणी थोडे निवलेले असताना मधली वाट ओलांडली. हूकरच्या क्रोबेरीचे कोडे २०११ मध्ये वेगळ्याच रीतीने सुटले : पाच ते दहा लाख वर्षांपूर्वी एखाद्या स्थलांतरी पक्ष्याच्या पोटातून गेलेल्या बियांची ती करामत असावी. आर्क्टिक सुरय पक्षी दरवर्षी दोन्ही ध्रुवांचा उन्हाळा अनुभवतो, हे ध्यानात घेतले तर त्यात अशक्य असे काही वाटत नाही.

म्हणजे एका प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणी तळाने गेले, कोणी हिमयुगात, कोणी पक्ष्याच्या पोटातून. आणि कित्येक मुळी गेलेच नाहीत, नुसते सारखे दिसतात. गोव्यात वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आज उत्तरेकडे 'हिमाद्री' आणि दक्षिणेकडे 'मैत्री' व 'भारती' ही केंद्रे चालवते. दोन्ही ध्रुवांचे नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची जी सोय रॉसच्या काळी जगात एकाच माणसाच्या स्मरणशक्तीला होती, ती आता प्रयोगशाळांना आहे. फक्त जानेवारी १८४१ मध्ये त्या जाळ्यातून वर आलेले जे जीव त्याने ओळखीचे म्हणून पाहिले, त्यांतले खरोखर आर्क्टिकचे कोण आणि नुसते त्यांच्यासारखे दिसणारे कोण, याची तपासणी करता येत नाही. त्या बरण्या आता नाहीत.